लांब इंग्रजी शब्द कुठे तोडायचा? : वाचकांचे प्रश्न

लांबलचक इंग्रजी शब्द वाचताना, लिहिताना किंवा बोलताना नेमकं कुठे अडतं, याविषयी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत तिरकी रेघ (/) दिसली की तो कानाने केलेला तुकडा, म्हणजे सिलॅबल. अधिकचं चिन्ह (+) दिसलं की तो अर्थाने केलेला तुकडा. हे दोन तुकडे प्रत्येक वेळी एकाच जागी पडत नाहीत, आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

मुलगा सेमी इंग्रजीत सहावीला आहे. छोटे शब्द भराभर वाचतो, पण विज्ञानाच्या पुस्तकात मोठा शब्द आला की पहिली दोन-तीन अक्षरं बघून काहीतरी ठोकून देतो. ‘कॉन्झर्व्हेशन’ला ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणाला. सुरुवात कुठून करू? — एक आई, सिडको

मुलाने निवडलेली जोडी भलतीच फसवी आहे. दोन्ही शब्दांत बारा-बारा अक्षरं, तीही तीच. फक्त एस आणि व्ही यांनी जागा बदलल्या आहेत. सुरुवातीला दोन्हीकडे सी-ओ-एन, शेवटी दोन्हीकडे ए-टी-आय-ओ-एन. शेंडा-बुडखा सारखाच असल्यावर फरक उरतो तो गाभ्यात: एकात एस-ई-आर-व्ही, म्हणजे राखणं, दुसऱ्यात व्ही-ई-आर-एस, म्हणजे वळणं. ‘रिझर्व्ह’ आणि ‘प्रिझर्व्ह’ पहिल्याच्या घरातले, ‘रिव्हर्स’ आणि ‘व्हर्जन’ दुसऱ्याच्या. अंदाजाने वाचणारं मूल दोन्ही टोकं बघतं आणि गाभा गिळून टाकतं. म्हणून डावीकडून एकेक अक्षर जुळवत जाण्याऐवजी टोकं आधी बाजूला काढा आणि नजर गाभ्यावर आणा.

हातात पेन्सिल घेऊन ‘अनप्रेडिक्टेबल’ सोडवून बघा. आधी शेवट: ए-बी-एल-ई ओळखीचं आहे, त्याला गोल करा. मग सुरुवात: यू-एन, तोही गोल. त्यामागे पी-आर-ई, आणखी एक गोल. उरलं डी-आय-सी-टी, म्हणजे सांगणं. ‘डिक्टेशन’ आणि ‘डिक्शनरी’मुळे मुलाला ते ठाऊकच असतं. न + आधी + सांगणं + जोगं: आधी सांगता न येणारं, बेभरवशाचं. आता गोल विसरा आणि स्वरांखाली टिंबं देऊन मोठ्याने म्हणा: अन/प्रि/डिक/ट/बल. अर्थाचे तुकडे चार, कानाचे पाच. ‘डिक्ट’मधला शेवटचा टी बोलताना पुढच्या तुकड्यात सरकला. त्यात काही बिघडत नाही. वाचताना कानाचा तुकडा धरायचा, स्पेलिंग लिहिताना अर्थाचा.

तुकडे म्हणून झाले की ते जोडायला हवेत, आणि घाई नेमकी इथेच होते. एकदा सावकाश, मग बोलण्याच्या वेगाने, असं दोनदा म्हणवून घ्या. जुळलेला आवाज ओळखीच्या शब्दासारखा वाटला नाही तर गाभ्यातला स्वर बदलून बघायचा: आधी आखूड, मग लांब, मग पुसटसा ‘अ’. एकाच उच्चारावर अडून बसलेलं मूल तिथेच थांबतं.

रोज पाच शब्द, दहा मिनिटं. आठवडाभर एकच घराणं घ्या. पी-ओ-आर-टी म्हणजे वाहून नेणं: इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल. पंचवीस सुटे शब्द घोकण्यापेक्षा हे हलकं पडतं.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. यू-एन दिसला की उपसर्ग, असं नाही. ‘अंकल’मधून यू-एन काढला तर उरतं काय? काहीच नाही. ‘रेडी’मधला आर-ई, ‘मिस्टर’मधला एम-आय-एस, ‘कॉर्नर’च्या शेवटचा ई-आर, सगळे तसेच. कसोटी एकच: काढल्यावर उरलेल्या भागाला अर्थ आहे का, आणि तो अर्थ मूळ शब्दाशी जुळतो का? ‘कॉर्नर’मधून ‘कॉर्न’, म्हणजे मका, उरतो खरा, पण कोपऱ्याचा मक्याशी काय संबंध?

आम्ही टाळ्या वाजवून सिलॅबल मोजायला शिकवतो. ‘स्ट्रीट’ला मुलं दोन टाळ्या वाजवतात, ‘फिल्म’लाही दोन. कितीही सांगितलं तरी सुधारत नाही. आणि लिहिलेल्या शब्दात रेघ कुठे मारायची, याचा काही नियम आहे का? — शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, सिन्नर तालुका

मुलांचं मोजणं बरोबर आहे, फक्त ती भलतंच मोजताहेत. त्यांच्या डोळ्यासमोर देवनागरी आहे: ‘स्ट्री’ एक, ‘ट’ दोन. पण सिलॅबल म्हणजे लिपीतलं अक्षर नव्हे, एका स्वराभोवतीचा तोंडातला एक ठोका. मराठीतही हा फरक आहे, आपल्या लक्षात येत नाही इतकंच. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एक ठोका. ‘कमळ’ तीन अक्षरं, ठोके दोन: क/मळ. ‘इगतपुरी’ पाच अक्षरं, ठोके चार: इ/गत/पु/री. कारण शेवटच्या अक्षरातला ‘अ’ (आणि कधी मधल्याही) आपण लिपीत धरतो, उच्चारत नाही. तेव्हा पहिले दोन तास इंग्रजी बाजूला ठेवा आणि गावांच्या नावांवर टाळ्या वाजवून घ्या. मग ‘स्ट्रीट’कडे या. एस, टी आणि आर ही तीन व्यंजनं एकाच स्वराच्या पाठीवर बसलेली आहेत, म्हणून टाळी एकच.

टाळीपेक्षा हनुवटीखाली तळहात धरणं बरं. प्रत्येक स्वराला जबडा खाली येतो आणि हाताला लागतो. ‘ई’च्या आवाजाला तो फारसा हलत नाही, त्यामुळे ‘सिटी’सारखा शब्द पहिल्या दिवशी नको.

स्पेलिंगमधले स्वर मोजून ठोके काढायचा मोहही आवरा. ‘ब्युटिफुल’मध्ये स्वराची अक्षरं पाच, ठोके तीन. रांग या अर्थाच्या ‘क्यू’त स्वराची अक्षरं चार, ठोका एक. आणि ‘रिदम’मध्ये ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही नाही, तरी ठोके दोन.

रेघेचं म्हणाल तर तुमच्याच तालुक्यात उत्तम उदाहरण आहे: सिन/नर. दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजनं असली की रेघ त्यांच्या मधोमध. ‘डिनर’ही लिहिताना तसाच तुटतो, दोन एनच्या मध्ये. ‘नॅप/किन’ तसाच. तीन व्यंजनं असली तर नेहमी एकत्र नांदणारी जोडी फोडायची नाही: हन/ड्रेड. टी-एच, एस-एच, सी-एच, पी-एच आणि सी-के ही दिसायला दोन अक्षरं, पण आवाज एक, म्हणून तीही फोडायची नाहीत: फा/दर.

मध्ये एकच व्यंजन असेल तेव्हा खरी पंचाईत. आधी व्यंजनाच्या अलीकडे तोडून बघा. ‘टायगर’मध्ये टी-आय मोकळा राहतो, आयचा उच्चार लांब होतो आणि शब्द लागतो. ‘लेमन’ असाच तोडला तर ‘लीमन’ होतं, तसा शब्द ऐकलेला नाही. मग रेघ व्यंजनाच्या पलीकडे न्या: लेम/अन. ई बंद तुकड्यात गेला आणि आखूड झाला. हा नियम नाही, दोन खेपांची युक्ती आहे, आणि मुलांना ती तशीच सांगावी.

शेवटी व्यंजन आणि एल-ई असेल तर मागून तीन अक्षरं मोजून तोडा: टे/बल, कॅन/डल. अपवाद सी-केचा. लोणच्याच्या ‘पिकल’मध्ये तीन मोजत बसलात तर सी आणि के यांची ताटातूट होते, म्हणून तिथे रेघ केनंतर.

द्राक्षबागेच्या औषधांच्या बाटलीवरची इंग्रजी नावं वाचताना जीभ वळत नाही. शाळा दहावीपर्यंत. निदान कशावर काय आहे, एवढं कळेल असे कोणते तुकडे शिकावेत? — द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

सर्वांत कामाचा तुकडा ‘साइड’. स्पेलिंग सी-आय-डी-ई, आणि अर्थ आपल्या ‘नाशक’ला तंतोतंत जुळतो. फंजिसाइड म्हणजे बुरशीनाशक, इन्सेक्टिसाइड कीटकनाशक, हर्बिसाइड तणनाशक, रोडेंटिसाइड उंदीरनाशक. मराठीत नाव आधीच फोडून ठेवलेलं आहे, इंग्रजीत फक्त सांधा शोधायचा. ‘सिस्टेमिक’ म्हणजे आंतरप्रवाही, झाडाच्या आत भिनणारं. ‘कॉन्टॅक्ट’मधला टॅक्ट म्हणजे स्पर्श, म्हणून स्पर्शजन्य. ‘फायटोटॉक्सिक’ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण वाचायलाच हवं: फायटो वनस्पती, टॉक्सिक विषारी. फवारणीनंतर पान करपतं ते हेच.

घटकांची रासायनिक नावं सगळीच अशी फुटत नाहीत. तिथे शेपटी बघा. हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल: तिघांची शेपटी ‘कोनॅझोल’. अॅझॉक्सिस्ट्रोबिन, ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन: शेपटी ‘स्ट्रोबिन’. शेपटी एक तर घराणं एक, आणि बुरशीवर वार करायची जागाही एक. म्हणजे या आठवड्यात हेक्साकोनॅझोल आणि पुढच्या खेपेला टेब्युकोनॅझोल मारलं तर बाटली बदलली, औषध बदललं नाही. बुरशीत प्रतिकारशक्ती तयार होते ती अशाच ‘बदला’तून. उलट बाजूही ध्यानात ठेवा: शेपटी वेगळी म्हणजे घराणं वेगळंच, असं नाही. मायक्लोब्युटॅनिलच्या नावात कोनॅझोल नाही, तरी ते त्याच गटातलं. फ्रॅक म्हणजे बुरशीनाशकांविरुद्धच्या प्रतिकारशक्तीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय समिती. तिच्या यादीत या गटाचा क्रमांक ३ आहे आणि स्ट्रोबिनचा ११. विकत घेताना गट क्रमांक विचारा. प्रमाण मात्र लेबलावरचंच. ते कुठल्याही नावातून निघत नाही.

बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता नर्सिंगला आहे. ‘गॅस्ट्रोएंटरायटिस’सारखे शब्द पाठ करते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. — विद्यार्थिनी, पंचवटी

वैद्यकातले शब्द मागून वाचावेत. शेवटचा तुकडा सांगतो काय झालं किंवा काय केलं, आणि आधीचे सांगतात कुठे. ‘आयटिस’ म्हणजे दाह. गॅस्ट्र + ओ + एंटर + आयटिस: जठर, आतडं, दाह. मधला ओ हा निव्वळ सांधा. ग्रीकमधून आलेले तुकडे बहुधा ओने जोडले जातात आणि लॅटिनमधले आयने, म्हणून वरच्या उत्तरातल्या फंजिसाइडमध्ये आय आला. हा सांधा ओळखला की अर्धा शब्द हलका होतो. बोलताना ठोके सहा: गॅस/ट्रो/एन/ट/राय/टिस. ‘आर्थ्रायटिस’ला मराठीत संधिदाह म्हणतात, तिथेही तुकडे तेच आणि क्रमही तोच.

शस्त्रक्रियेच्या तीन शेपट्या एकमेकींत मिसळतात. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं: अपेंडेक्टमी. ‘ऑटमी’ म्हणजे चीर देणं: ट्रेकिऑटमी. ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर उघडणारी वाट करून देणं: कोलॉस्टमी. फरक एका सी किंवा एका एसचा, पण रुग्णासाठी जमीन-अस्मानाचा.

त्याहून जपायचं ते ‘हायपर’ आणि ‘हायपो’ला. पहिला जास्त, दुसरा कमी. ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणजे कमी + साखर + रक्तात. घाईत दोन्ही उपसर्ग कानाला सारखेच लागतात, कारण पुढच्या जड तुकड्यापुढे ते पुसट होतात. ड्यूटी बदलताना तोंडी सांगायचं असेल तर नुसत्या या शब्दावर विसंबू नका. साखर कमी आहे असं साध्या भाषेत सांगा आणि आकडाही सांगा.

स्पर्धा परीक्षेत स्पेलिंगला गुण जातात. ‘अननेसेसरी’त एन किती, ‘डिसअपॉइंट’मध्ये एस किती, दर वेळी गोंधळ. — नाशिकरोड

ही पाठांतराची गोष्टच नाही, बेरजेची आहे. यू-एनचा एन आणि ‘नेसेसरी’चा एन, झाले दोन. डी-आय-एसचा एस एक आणि ‘अपॉइंट’ ए ने सुरू होतं, म्हणून एस एकच; दोन पी मात्र ‘अपॉइंट’मधलेच. ‘डिससॅटिस्फाइड’मध्ये दोन्हीकडचे एस येतात, ‘मिसस्पेल’मध्येही. ‘गव्हर्नमेंट’मधला ऐकू न येणारा एन ‘गव्हर्न’मधून आलेला आहे. मेंट जोडण्यापूर्वीचा शब्द लिहून बघितला तर तो सुटत नाही.

मग ‘इल्लीगल’मध्ये दोन एल कुठून आले? नकाराचा मूळ उपसर्ग आय-एन. पुढे एल आला की एनचा एल होतो, आरपुढे आर होतो, आणि पी, बी, एमपुढे एम. ‘उत् + लेख = उल्लेख’ ज्याने शाळेत केलं आहे, त्याला हे नवं सांगायला नको.

शेवटाकडचे सांधे जास्त खोडकर. ‘हॅपी’चा वाय नेसपूर्वी आय होतो. ‘होप’चा मुका ई आय-एन-जीपूर्वी गळतो. ‘बिगिन’चा एन दुप्पट होतो, ‘ओपन’चा होत नाही, कारण आघात, म्हणजे बोलताना पडणारा जोर, ‘बिगिन’मध्ये शेवटच्या ठोक्यावर आहे आणि ‘ओपन’मध्ये पहिल्या. ‘शन’ ऐकू आलं तर मूळ शब्दाकडे बघा: ‘अॅक्ट’मध्ये टी आहे म्हणून टी-आय-ओ-एन, ‘डिस्कस’मध्ये दोन एस, म्हणून एस-एस-आय-ओ-एन, ‘म्युझिक’मध्ये सी, म्हणून वादक किंवा संगीतकाराला सी-आय-ए-एन.

पुसट ‘अ’च्या जागी कोणता स्वर लिहायचा हे कान सांगत नाही. त्याच घराण्यातला असा शब्द शोधा, ज्यात तो स्वर ठसठशीत बोलला जातो. ‘ग्रामर’च्या शेवटी ए-आर की ई-आर? ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणून बघा, ए आपोआप पुढे येतो. ‘डेफिनिट’मध्ये ‘फायनाइट’ लपलेला आहे, म्हणून तिथे ए नाही. आणि ‘साइन’मधला मुका जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलू लागतो.

‘हेलिकॉप्टर’ म्हणजे हेलि अधिक कॉप्टर ना? — ओझर

कानाला तसंच वाटतं: हे/लि/कॉप/टर. अर्थाची फोड मात्र हेलिको + प्टर. ग्रीकमधला वळसा आणि ग्रीकमधला पंख. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हा सांधा दिसला नाही, म्हणून त्यांनी शब्द चुकीच्या जागी कापून ‘हेलिपॅड’ केलं, आणि ते आता शुद्धच मानलं जातं. तुमच्या गावातल्या कारखान्याच्या पाटीवरचं ‘एरोनॉटिक्स’ बघा: एरो हवा, नॉट खलाशी, इक्स शास्त्र. हा नॉट आणि आपल्या ‘नौका’तला नौ एकाच जुन्या मुळाचे.

मुलाखतीत माझं इंग्रजी समोरच्याला पटकन कळत नाही. व्याकरण बरोबर असतं. — आयटीआय झालेला वाचक, सातपूर

बहुधा आघात चुकत असावा. मराठीत आपण प्रत्येक ठोक्याला जवळपास सारखं वजन देतो, इंग्रजीत एकच ठोका जड असतो आणि बाकीचे अंग चोरतात. हा जड ठोका शेपटीवरून ओळखता येतो. टी-आय-ओ-एन, आय-टी-वाय आणि आय-सी यांच्या लगेच आधीचा ठोका जड: एज्युकेशनमध्ये ‘के’, इलेक्ट्रिसिटीमध्ये ‘ट्रि’, इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’. म्हणूनच ‘फोटोग्राफ’मध्ये ‘फो’ जड, ‘फोटोग्राफर’ म्हणताना ‘टॉ’ आणि ‘फोटोग्राफिक’ला ‘ग्रा’. शब्द एकाच घरातले, पण वजन शेपटीबरोबर सरकत जातं. ‘पॉलिटिक्स’ हा आय-सीचा अपवाद, तिथे ‘पॉ’ जड. सरावाला टेबलावर बोटाने ठोके द्या. जड ठोक्याला स्वर ताणा आणि आवाज थोडा चढवा. नुसतं ओरडलं तर ठोका जड होत नाही.

इंग्रजी मजकुराची जुळणी करतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना सिलॅबलचे नियम पाळले की झालं? — डीटीपी ऑपरेटर, शालिमार

नाही. एकटं अक्षर ओळीवर सोडायचं नाही, मग तो पूर्ण ठोका असला तरी. ‘अबाउट’चा ए तोडू नका. ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धती वेगळ्या आहेत. ‘नॉलेज’ अमेरिकन छपाईत एलनंतर तुटतो, ब्रिटिश छपाईत ‘नो’ या मूळ शब्दानंतर, म्हणजे डब्ल्यूनंतर. सॉफ्टवेअरमध्ये भाषा आधी ठरवा. आणि तोडल्यावर पहिला तुकडा स्वतंत्र शब्द म्हणून वाचून बघा. ‘लेजंड’ तीन अक्षरांनंतर तोडला तर वाचणाऱ्याला आधी पाय दिसतो. ‘रीअॅडजस्ट’ डीनंतर तोडला तर तो ‘रीड’ वाचतो आणि पुढच्या ओळीवर ठेचकाळतो.

पानेवाडीहून निघणाऱ्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. ‘इन’ म्हणजे नाही, तर मग हे पेट घेत नाही का? — मनमाड

घेतं, आणि भडकून घेतं. हा ‘इन’ नकाराचा नव्हे, ‘आत’ या अर्थाचा: आतून ज्वाला धरणारं. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इनफ्लेमेबल’ यांचा अर्थ एकच. पेट न घेणाऱ्या मालाला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणतात. टँकरपासून लांबच राहा.